धुळीचं कडं

लाल सिलिंडर. त्याच्या गळ्यात दोरीने बांधलेलं पांढरं कार्ड.

बाबांचे बूट. बसचा क्लच दाबून दाबून डावा तळ झिजलेला.

"प्रभू, ह्याच्या हातांना सांभाळ." बाबांची प्रार्थना, रोज सकाळी, चहा निवेपर्यंत.

पाळणाघराच्या दारात वीस चिमुकल्या चपला.

कार्डावर सही आहे. माझी आहे.

नोकरी लागून अडीच महिने झाले होते. शाळा, दुकानं, कचेऱ्यांमधली आग विझवायची सिलिंडरं तपासायची. प्रत्येक उचलायचं, काट्यावर ठेवायचं, हलकं निघालं तर भरायला न्यायचं, मगच कार्डावर सही. माझा वरिष्ठ, त्याला सगळे रॉकेट म्हणत, गाडीतच कार्डांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकायचा.

"कर सह्या. मी पटापट बांधून येतो."

"आणि वजन?"

"सिलिंडर काय डाएट करतं का रे? सोमवारी तुला कायम करायच्या कागदावर माझी सही लागणारे. विसरू नकोस."

विसरलो नाही. सह्या केल्या. पेन चांगलं चालत होतं.

शनिवारी बाबांनी मला चर्चमध्ये बोलावलं. निवृत्तीनंतर तिथली झाडलोट तेच करतात. हातात फडकं, पण पुसत काहीच नव्हते.

"ह्या सिलिंडरच्या कार्डावरची सही तुझी?"

"हो."

"अक्षर सुधारलंय. आता खाली बघ."

सिलिंडरच्या बुडाभोवती धूळ. गोल, कुठेही न मोडलेली.

"आठवडाभर तापात होतो, झाडलं नाही. धूळ आठवड्याची, कार्ड बुधवारचं. उचललं असतंस तर हे कडं मोडलं असतं."

"तुम्ही ड्रायव्हर होतात की पोलीस?"

हसले नाहीत. "उचल."

उचललं. रिकाम्या बादलीसारखं हाताला आलं.

मागच्या रविवारी, ताप चढायच्या आदल्या दिवशी, ते ह्याच खोलीत सगळ्यांसमोर उभे राहिले होते. मुलाला नोकरी लागली म्हणून त्यांनी देवाचे आभार मानले होते. मी मागच्या बाकावर बूट न्याहाळत बसलो होतो.

"बाबा, चुकलो. माफ करा."

"माझ्याकडे काय मागतोस? त्याच्याकडे माग, तो देईल. पण मग गुडघे झटकून घरी जेवायला नाही यायचं. कार्डं किती?"

"त्रेसष्ट."

"त्रेसष्ट ठिकाणी जायचं. काय केलंस ते तोंडाने सांगायचं."

"रॉकेट सही करणार नाही. नोकरी जाईल, बाबा!"

"जाईल."

मी थांबलो. एरवी कशालाही 'प्रभू बघून घेईल' म्हणणारा माणूस आज नेमका ते म्हणेना.

"भीती वाटते."

"मलाही. ये, बस."

त्यांची प्रार्थना नेहमी लांबते. ही दोन वाक्यांत संपली. मी डोळे उघडले तोवर ते फडक्याने सिलिंडरखालची धूळ पुसायला लागले होते.

मग भंगारवाल्याकडून काटा मागून आणला, शेजाऱ्याची गाडी घेतली. बाबाच चालवत होते, बस चालवल्यासारखी, प्रत्येक वळणावर आरशात मागे बघत. मागे फक्त काटा होता.

पहिलं पाळणाघर.

"बुधवारी मी हे न तोलताच सही केली," मी म्हणालो.

बाईंच्या कडेवर एक मूल झोपलेलं. "मग केलंत काय तुम्ही बुधवारी?"

"सही."

सिलिंडर हलकं निघालं. बाबा चपलांच्या रांगेकडे बघत दारात उभे. मी कार्ड फाडलं, तुकडे कुठे टाकावेत कळेना, खिशात ठेवले.

संध्याकाळपर्यंत नऊ ठिकाणं झाली. चार सिलिंडरं हलकी. चोपन्न ठिकाणं उरली.

सोमवारी त्रेसष्टच्या त्रेसष्ट जागांची यादी मॅनेजरांच्या टेबलावर ठेवली. रॉकेटने माझ्या कागदावर सही केली नाही. मी बाहेर आलो. बाबा फाटकापाशी उभे होते, किल्ली हातात.

"पुढचं कुठलं?" ते म्हणाले.

कंपनीच्या गाडीत काटा पहिल्या दिवसापासून होता, माझ्या पायाशी. जेवणाचा डबा मी त्याच्यावरच ठेवायचो.