चुलीच्या जागेवरची हराळी

हराळी शेतात असली की तण आणि साहेबाच्या बंगल्यापुढं असली की लॉन. गवत तेच. हे मला माझ्या नवऱ्यानं समजावलं होतं. माझ्या सासूला मात्र ते कधी पटलं नाही.

सासूबाईंचं नाव सरजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. मुखेडकडच्या कोरडवाहू गावात त्यांचं आयुष्य लोकांच्या रानात खुरपण्यात गेलं. हराळी म्हणजे त्यांची जन्माची वैरीण. वरून काढली तर खाली राहते, खालून काढली तर शेजारून येते, आणि बांधावर फेकून वाळलेलीसुद्धा एक सर पडली की पुन्हा उभी राहते. अशा बाईच्या एकुलत्या एका लेकानं घरापुढं मुद्दाम हराळी लावली आणि तिला पाणी घालायला लागला, तेव्हा आत्याबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "शिले, ह्याचं डोकं तर न्हाई ना फिरलं?"

लातूर जिल्हा झाला तसे आम्ही नांदेडहून बदलून आलो. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, आणि कचेऱ्या आल्या की कारकून लागणारच. माझे मालक साहेबराव त्यांतले एक. गावाबाहेर नवी कॉलनी पडत होती, तिथं दोन खोल्या बांधल्या. भिंतींना गिलावा व्हायचा होता, पण पुढं लॉन होतं. मी चिडायचे. हे हसायचे.

त्यामागं एक गोष्ट होती. नांदेडला वसतिगृहात शिकत असताना ते एकदा निरोप घेऊन एका साहेबाच्या बंगल्यावर गेले होते. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत हिरवळ. हे आपले सरळ निघाले, तर माळ्यानं लांबूनच हटकलं, "ए, कडेनं. कडेनं जा." माळी सगळ्यांनाच तसं म्हणत असेल. पण आपण कुठून आलो, कुठल्या वस्तीतून आलो, ते मनात घेऊन चालणाऱ्या पोराला ते 'कडेनं' वेगळंच लागलं. म्हणून आमच्या घरी कोणीही आलं, दूधवाला आला, मागणारी बाई आली, तरी हे आतून ओरडायचे, "मधून या, मधून. गवताला काही होत न्हाई."

आम्हाला मूलबाळ झालं नाही. शेजारची चांदबी म्हणायची, "भाईसाब गवताचेच लाड करून राहिले, भाभी. एखाद्या दिवशी त्याला झबलं शिवायला सांगतील तुला."

जिल्ह्याला चार वर्षं झाली, त्या साली पावसानं पुन्हा पाठ फिरवली. भादव्यात साहेबराव गेले. कचेरीत, खुर्चीवर बसल्या बसल्या. कळायच्या आत घरापुढं माणसंच माणसं. कचेरीतले, कॉलनीतले, मुखेडकडून जीप करून आलेले. सगळे मधूनच आले. त्या दिवशी तरी त्यांच्या दारात कोणी कडेनं चाललं नाही, एवढंच काय ते समाधान.

ह्यांच्या शेवटच्या अंघोळीचं पाणी तापवायला चांदबीच्या नवऱ्यानं, दस्तगीरभाईंनी, लॉनच्या ऐन मध्यावर तीन दगड मांडले. बाकी सगळीकडं माणसं उभी होती, मोकळी जागा तेवढीच होती. मोठं पातेलं, ओली लाकडं, वर ओतलेलं रॉकेल. ह्यांना नेल्यावर पाहिलं तर चुलीखाली मोठ्या परातीएवढी जागा जळून काळी पडलेली. बाकी ठिकाणी माणसांच्या पायांनी गवत घासून गेलं होतं, तिथंही माती उघडी पडली होती. पण ती माती मातीसारखी दिसत होती. ही जागा तशी नव्हती.

त्यानंतर रोज सकाळी दार उघडलं की पहिली तीच दिसायची. साहेबराव सकाळी दारात चहाचा कप घेऊन उभे राहायचे, आणि त्यांना तिथून काय दिसायचं ते मला माहीत होतं. मला तेवढंच परत हवं होतं. दार उघडावं आणि ह्यांना दिसायचं ते दिसावं. बाकी काही मागून मिळणार नव्हतंच.

अशोक विजयादशमी झाली आणि मी कामाला लागले. ह्यांना करताना पाहून पाहून मला सगळं माहीत होतं. हराळीचं बी लावत नाहीत. चांगल्या जागेच्या काठानं धावणाऱ्या फांद्या कापायच्या, दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करायचे, माती भुसभुशीत करून तिरपे टोचायचे आणि पायानं दाबायचे. वर ओलं बारदान. हे सगळं थंडी पडायच्या आत व्हायला हवं. थंडीत हराळी झोपते, मग तिला कितीही हाका मारा. आताच मुळं धरली तर धरली, नाहीतर पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहायची, आणि पुढच्या पावसाळ्याचा भरवसा कोणी द्यायचा?

चुलीच्या जागेची जळकी माती मी टिकावानं उकरून काढली. आत्याबाई ओट्यावर बसून बघत होत्या. ह्यांच्या जाण्यापासून त्या इथंच होत्या. गावची विहीर आटली होती, आणि विहिरीला पाणी असतं तरी मी त्यांना जाऊ दिलं नसतं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलणं तसंही कमीच झालं होतं त्यांचं. मी नवी माती टाकली, शेणखत मिसळलं, तुकडे टोचले.

पाणी म्हणजे तांदूळ-डाळीचं धुवण आणि अंघोळीचं उरलेलं. कॉलनीत टँकर दुपारचा यायचा, तोही मनाला आला तर. मी आणि चांदबी घागरी घेऊन रांगेत बसायचो.

"लोकांना प्यायला न्हाई आन् तू गवताला पाजून राहिली," ती म्हणायची.

"माझ्या अंघोळीचं पाणी आहे. प्यायचंय का तुला?"

"तोबा," चांदबी म्हणायची, आणि दोघी हसायचो. त्या दिवसांत मी हसायचे ती त्या रांगेतच.

माणसांच्या पायांनी उघडी पडलेली जागा हळूहळू भरत आली. बारदान उचललं की हिरवी टोकं दिसायची. चुलीच्या जागेवर मात्र काही धरेना. वाळलं असतं तर कळलं असतं. पण तुकडेच नाहीसे व्हायचे. आज लावले की उद्या जागा मोकळी, माती हातानं थोपटल्यासारखी साफ. मी पुन्हा लावले. पुन्हा तेच.

"उंदीर असतील," चांदबी म्हणाली.

"उंदीर माती सारखी करून जातात का?"

"लातूरचे असतील. नवा जिल्हा हाय, उंदरांना पण वळण लागलं."

मी निंबाच्या पाल्याचं पाणी शिंपडलं, राख टाकली, बाभळीचे काटे लावले. काट्यांचं काही बिघडलं नाही, पण हराळी गेली.

मग एका दुपारी टँकर आलाच नाही. ड्रायव्हर म्हणे दुसऱ्या वस्तीला गेला. मी रिकाम्या घागरी घेऊन लवकर परतले. फाटकातून पाहिलं तर आत्याबाई लॉनच्या मध्यावर उकिडव्या बसलेल्या. डोक्यावर पदर, हातात खुरपं. बाभळीचे काटे बाजूला नीट मांडून ठेवलेले. खुरप्याचं टोक घालून, मूळ तुटू न देता एकेक तुकडा वर काढायचा, झटकायचा, डाव्या हातातल्या जुडीत ठेवायचा आणि तळव्यानं माती थोपटायची. हात असा चालत होता की वाटलं, त्यांचं तिकडं लक्षसुद्धा नाही. आयुष्यभराची सवय. मला दयाच आली.

"आत्याबाई, काय करून राहिलात?"

"खुरपून राहिले."

"ती मी लावलेली हाय."

"म्हाईत हाय मला," त्या म्हणाल्या. "मी काय आंधळी हाय?"

मी घागरी खाली आदळल्या. "रोज मी लावते आन् रोज तुम्ही काढता? थंडी आली तोंडावर. मग धरत न्हाई ती."

"न्हाई धरली तर बरं."

"बरं? तुमच्या लेकानं हौसेनं लावलेलं हाय हे. मला दार उघडलं की हे असं उघडं बघवत न्हाई."

"माती काढून फेकलीस तवा बोलले का मी? म्हणलं, तिचं बी दुख हाय, असू दे." त्यांनी खुरपं मांडीवर ठेवलं. "ह्याचा बाप गेला तवा बी दारातच पाणी तापवलं. मी रोज ती जागा सारवायची. मग बहात्तर साल आलं. खडी फोडायच्या कामावर गेले, तिकडंच खोपीत ऱ्हायले. साहेबराव नांदेडात शिकून राहिला होता. पाऊस पडल्यावर घरी आले, तर अंगणात गुडघ्याएवढं गवत. सगळं उपटलं मी. कुठं तापवलं होतं पाणी, काय गावलं न्हाई. घर हाय, दार हाय, आन् त्याची जागाच न्हाई."

त्यांनी तळव्यानं माती पुन्हा थोपटली.

"माणूस ऱ्हातं तिथं गवत येत न्हाई, शिले," त्या म्हणाल्या. "गवत आलं म्हंजी उठून गेलं समदं."

मला सांगायचं होतं की तुमच्या लेकाच्या लेखी नेमकं उलटं होतं. माणूस नीट राहायला लागला की दारात गवत येतं, असं त्याला वाटायचं. तेवढ्यासाठी गिलावा थांबवला त्यानं. पण ते मी त्या बाईला कसं सांगू? आणि सांगितलं असतं, तर दोघांतलं खोटं कोणाला ठरवायचं होतं? मी घागरी उचलून आत गेले.

त्या संध्याकाळी मी चुलीच्या जागेत काही लावलं नाही. जिंकू दे म्हटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत चांदबीला बसवून मी मधेच घरी येऊन गेले. कशाला, ते मला नीट सांगता यायचं नाही. आत्याबाई त्याच जागी बसल्या होत्या. काढायला काही नव्हतं. खुरप्यानं नुसती माती टोकरत होत्या, थोपटत होत्या, पुन्हा टोकरत होत्या. मग तेही थांबलं. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसून राहिल्या. एवढे दिवस त्या मला कधी म्हाताऱ्या वाटल्या नव्हत्या. संध्याकाळी भाकरी समोर ठेवली तर म्हणाल्या, "भूक न्हाई." ह्यांना नेलं त्या दिवशीही त्या जेवल्या होत्या. जेवायलाच पाहिजे, म्हणाल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी मी काठाच्या फांद्या कापल्या, तुकडे केले आणि चुलीच्या जागेवर टोचले. बारदान टाकलं नाही. तांब्यातलं धुवण ओतलं. दुपारी टँकरला गेले, परत आले, तर जागा साफ. ओट्यावर हराळीची लहानशी जुडी ठेवलेली, आणि आत्याबाई घरात कांदा चिरत बसलेल्या.

तेव्हापासून तेच चाललंय. कार्तिक सरत आला, सकाळी तोंडातून वाफ निघते. बाकीचं लॉन भरून आलं, कुठं माणसं उभी होती ते आता मलाच आठवावं लागतं. मध्यावर मात्र परातीएवढी जागा उघडी आहे. काठाच्या फांद्या थंडीनं पिवळ्या पडायला लागल्यात आणि थोड्याच उरल्यात. मी त्या ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीत ठेवते, पुरवून पुरवून वापरते.

काल घागरी घेऊन आले तर आत्याबाई फाटकाशी बसलेल्या. हातात जुडी. मला पाहून म्हणाल्या, "आज थोडीच लावलीस गं."

"काल पाणी न्हाई आलं ना."

"हाव का," त्या म्हणाल्या, आणि घागर उतरवायला त्यांनी हात पुढं केला.