सात नंबरचं झाकण

"झाकण तेवढं उलटं करू नका, मॅडम," असं म्हणत पेन्सिलने सात नंबरच्या खोक्यावर दोन्ही हात टेकले, आणि पॅकिंग शेडमधले आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो.

पेन्सिल म्हणजे आमचा सुतार. कानावर सदा पेन्सिल, म्हणून हे नाव. खऱ्या नावाने कुणी हाक मारली, तर कुणाला मारली म्हणून तो स्वतःच मागे वळून बघतो. आमचा कारखाना पंप बनवतो. पंप पाठवायची लाकडी खोकी पेन्सिल बनवतो, आणि मी स्टोअरचा कारकून त्याला स्क्रू मोजून देतो. आमचं भांडण झालं नाही असा आठवडा मला आठवत नाही. खिळ्यांनी भागव असं मी म्हणायचो, खिळ्याने लाकूड चिरतं असं तो म्हणायचा. शेवटी स्क्रूच द्यावे लागायचे.

मॅडम म्हणजे मुख्य कार्यालयातून आलेली, माझ्या मुलीच्या वयाची अधिकारी. माल कुठून येतो, कशात बांधून जातो, वाटेत कचरा किती होतो, हे तपासून तो कमी करायचा, हे तिचं काम. तिच्या कागदावर लिहिलं होतं: लाकडी खोकी बंद, घडीची प्लॅस्टिकची सुरू. कारण आमच्या रजिस्टरप्रमाणे वर्षाला शेकडो खोकी जात होती आणि परत एकही येत नव्हतं.

"पण एवढ्या खोक्यांना पुरेल इतकं लाकूड तर तुम्ही घेतलेलंच नाही," ती मला म्हणाली. "मग खोकी येतात कुठून?"

इथे माझं पितळ उघडं पडलं. खोकी परत येत होती. पंप पोचवून येताना ट्रक ती घेऊनच यायचा. पण आमच्याकडे लिहायची पद्धत मालाची, आणि रिकामं खोकं हा काही माल नव्हे, म्हणून मी ते कधी लिहिलंच नाही. इतकी वर्षं एका पानावर दोन रेघा जास्त ओढायचा कंटाळा. ते सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

"तोंडी सांगून वर कुणी ऐकणार नाही, काका," ती म्हणाली. "पुरावा हवा. नाहीतर खोकी बंद होतील."

खोकी बंद झाली तर पेन्सिलला गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला बसवणार, हे कारखान्याच्या साहेबांनी आधीच सांगितलं होतं. पेन्सिलला गेटचं काही वाटत नव्हतं. त्याचा जीव अडकला होता तो सात नंबरच्या झाकणात. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं, फक्त साहेबांना नव्हतं.

शेवटी त्याने खोक्यावरचे हात काढले. मग म्हणाला, "कंपनीच्या लाकडावर खाजगी लिहिलं म्हणून काय शिक्षा करायची ती मला करा. यांना काही बोलू नका." आणि त्याने स्वतःच झाकण उलटं केलं.

सगळ्यात वर, अकरा वर्षांपूर्वीचं त्याचं अक्षर: 'फोडू नका. आठ स्क्रू आहेत, काढा. परत पाठवा.' त्याखाली, पंप जिथे जातात त्या कारखान्यात खोकी उघडणाऱ्या माणसाचं गिचमिड उत्तर: 'आमची पहारच बरी. स्क्रू ड्रायव्हर नाही.' पुढच्या फेरीत पेन्सिलने खोक्यातून आपला स्क्रू ड्रायव्हर पाठवला होता. तेव्हापासून खोकं परत आलं की कोपऱ्यात एक रेघ, आणि सोबत चार शब्द.

मॅडम गुडघ्यांवर बसून वाचू लागली. 'गुडघे कसे?' 'डावा बरा. उजवा रुसलाय.' 'मुलगी पास झाली.' 'अभिनंदन. खोक्यातून गोड पाठवू नका, मुंग्या लागतात.' ती खुदकन हसली. मग एका ओळीवर थांबली. 'आई गेली,' एवढंच पेन्सिलच्या अक्षरात होतं. खाली उत्तर नव्हतं.

"यावर काहीच लिहिलं नाही त्यांनी?"

"लिहिलं नाही," पेन्सिल म्हणाला. "त्या फेरीला आठही स्क्रू तेल लावून, कागदात गुंडाळून आले होते."

ते पुडकं मीच उघडलं होतं. सांगायला लाज कशाची, त्या दिवशी माझेही डोळे भरून आले होते.

"कधी भेटलात?"

"नाही."

"फोन?"

"फोनवर काय बोलणार?"

तिने कोपऱ्यातल्या रेघा मोजल्या. एकसष्ट. "एका खोक्याच्या एकसष्ट फेऱ्या? लाकडाचं खोकं चार फेऱ्यांत मोडतं असं आमच्याकडे लिहिलंय!"

"तळ तीनदा बदललाय, बाजू दोनदा," पेन्सिल प्रामाणिकपणे म्हणाला. "झाकण मात्र तेच. लाकूड झिजलं तर बदलता येतं. लिहिलेलं कसं बदलणार?"

बाकीच्या झाकणांवरही नुसत्या रेघा होत्याच. त्या सगळ्या मोजून तिने लिहून घेतल्या. पण बैठकीत दाखवायला तिला सात नंबरचं झाकणच हवं होतं. "एकदा वर गेलं की बहुतेक तिथेच राहील," तीही प्रामाणिक होती. "पण खोकी वाचतील, काका."

पेन्सिलने होकाराची मान डोलावली. मग त्याने लहान रंधा घेतला आणि 'आई गेली'वरून हलक्या हाताने एकदाच फिरवला. पातळ ढलपी निघाली. ती त्याने शर्टाच्या खिशात ठेवली आणि झाकण तिच्या हवाली केलं.

खोकी वाचली. पहाटे फिरायला जाणाऱ्या माणसासारखा पेन्सिल पुन्हा शीळ घालत कामावर येऊ लागला. मी रजिस्टरमध्ये 'परत आलं' असा नवा रकाना पाडला. झाकण मुख्य कार्यालयाच्या दारात काचेत लावलंय म्हणे, आणि साहेब आता पाहुण्यांना सांगतात की ही कल्पना मुळात त्यांचीच. सांगोत बापडे.

सात नंबरला पेन्सिलने नवं झाकण केलं. कोरं, गुळगुळीत. ते समोर ठेवून तो जेवणाच्या सुट्टीभर बसला होता. "अरे, सगळं लिही की, काय काय झालं ते," मी म्हणालो. त्याने लिहिलं ते एवढंच: 'फोडू नका. आठ स्क्रू आहेत, काढा. परत पाठवा.'

तीन आठवड्यांनी खोकं परत आलं. आम्ही दोघांनी मिळून झाकण उलटं केलं. गिचमिड अक्षर ओळखीचंच होतं: 'जुनं कुठे गेलं ते विचारत नाही. तुमचा स्क्रू ड्रायव्हर अजून चालतोय.'

पेन्सिलने ते दोनदा वाचलं. मग कानावरची पेन्सिल काढली आणि कोपऱ्यात पहिली रेघ ओढली.