बापाच्या गोट्यावरचा बिडीचा कट्टा

अबे, मधात बोलू नको तू. फक्त आयक. आयकून झालं का मंग म्हण जे म्हणाचं ते.

आमच्या गावचा हरिदास. बंडीवाला. तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानाच्या दिवसात फळीवरचे बोरे, पानाचे पोते, बंडीत भरून सडकेपर्यंत आणे. फळी म्हणजे जंगलातली ती मोकळी जागा, जिथी बाया पानाचे पुडके आणून वाळू घालतेत. शहाऐंशी सालचा मे महिना होता, अन् ऊन असं का बैलाच्या तोंडातून फेस गळे.

त्या वाटेवर नाल्याची मोड आहे, म्हणजे वळण. मोडीवर दोन गोट्याचे ढीग. डावीकडे एक, उजवीकडे एक, मधातून बंडीची चाकोरी. आमच्याकडे जंगलातल्या वाटेवर कोणी मेला का तिथी ढीग होते. जाणारा-येणारा एक गोटा टाकते, अन् मेलेल्याले जे आवडे त्यातलं थोडंसं ठेवते. डावीकडचा ढीग झाडूचा. उजवीकडचा दसरूचा. झाडू म्हणजे हरिदासचा बाप. दसरू म्हणजे काका, बापाचा सख्खा लहान भाऊ.

झाडू मोहाच्या दारूनं मेला. बाजारातून येताना नाल्यात पडला, उपडा. नाल्यात पाणी किती होतं म्हणशीन? वीतभर! वीतभर पाण्यात पुरा माणूस बुडाला. हरिदास तवा नऊ वर्साचा. मंग त्याले काकानं वाढवलं. काकानं जन्मभर दारूले हात लावला नाई. "माह्या भावाच्या सिसीत मी त्याचं मढं पायलं," म्हणे. पण बिडी! उठला का बिडी, जेवला का बिडी, बोलता बोलता एकीवर दुसरी पेटवे. शेवटी खोकून खोकून रगत पडू लागलं. खाटेवर टाकून दवाखान्यात नेत होते, त्याच मोडीवर मोहाच्या झाडाखाली खाट टेकवली दम घ्याले, अन् तिथीच गेला. खाटेचा एक खुर हरिदासच्याच खांद्यावर होता.

अन् हरिदास कसा निघाला? दोघायचाही वारस! बिडीही, दारूही.

त्याची बायको सीता, चामोर्शीकडची. लय शांत बाई. पण त्या साली होळी झाल्यावर हरिदासले खोकल्यात लाल दिसलं, पोटही फुगाले लागलं. डॉक्टर म्हणे, दोन्ही सोड. हरिदास म्हणे, एकदम दोन्ही नाई जमत. मंग सीता म्हणे, "बरं. एक सोडा. जी जास्त वाईट आहे ती सोडा. पण गोट्यावर ठेवून सोडा."

हे कायले? आमच्याकडे असं आहे का गोट्यावर जे ठेवलं ते मेलेल्याचं झालं, ती चीज मंग जन्मभर हातात घेता येत नाई. अन् रीत अशी का ज्या गोष्टीनं तो मेला, ती त्याच्याच गोट्यावर ठेवाची. हरिदासनं याच्या आधी वैनगंगेत तीनदा सिसी फेकली होती, अन् तिन्ही वेळा सांजच्याले दुसरी आणली. गोट्यावर ठेवलेलं मात्र गावात कोणी मोडलं नव्हतं.

आता जास्त वाईट कोणती? हरिदासनं फळीवर विचारलं, अन् तिथी असा कल्ला झाला का पुसू नको.

पानं वाळू घालणारी बायनाबाई म्हणे, "यात विचाराचं काय आहे बाप्पा? बिडी आपल्याच छातीले खाते. दारू आधी चूल खाते, मंग बाईची पाठ खाते, अन् माणसाले सगळ्यात शेवटी खाते."

फळीवर पानाचा हिशोब ठेवणारे मुन्शी गुणवंतराव खाटेवर पडल्या पडल्या म्हणे, "अन् बाई, दसरूच्या बायकोले खोकला कोणी लावला? तिनं त कधी बिडी तोंडात नाई धरली. वीस वर्सं एका खोलीत त्याचा धूर खाल्ला, अन् त्याच्यामांगं वर्सभरात गेली. दारूवाला निदान पडते तवा गावाले दिसते. बिडीवाला भला माणूस म्हणून मरते."

"तुमी त बोलूच नका मुन्शीजी! तुमचं पोट बिडीच्या पानावर."

"अन् तुझं का उसाच्या पानावर आहे?"

सगळे हासले. हरिदास नाई हासला. त्याले बापाची सिसी आठवे, अन् लगेच काकाची खाट. बापानं मायले मारलेलं त्यानं पायलं होतं. पण काकाचा शेवटचा महिना? बाप एका रातीत गेला, काका महिनाभर रोज थोडा थोडा जात होता. तराजूत टाकलं त काटा हालेच ना! शेवटी त्यानं आपल्या सोयीचं पायलं. दारूबिगर त्याचे हात थरथरत, कासरा धरता येत नसे. म्हणून बिडी सोडाची ठरवली.

आता आयक, गलती इथी झाली.

भर दुपारी बंडी मोडीवर थांबवली. सीता बोऱ्यावर बसून होती. हरिदास बिडीचा कट्टा, पुरं बंडल, घेऊन उतरला, काकाच्या गोट्याजवळ गेला, अन् थांबला. त्याच्या मनात आलं, काकाले दिला त काका रोज बोलावन. 'ये बे पोरा, एक पेटव.' जिवंतपणी तसंच त बोलावे! मले मोडीवरून रोज जाणं आहे. कट्टा बापाले दिला त? बापानं कधी बिडी ओढलीच नाई. तो कायले बोलावते?

डोकं पाय त्याचं! रीत सोडून तो चाकोरी ओलांडून डावीकडे गेला, अन् बापाच्या गोट्यावर कट्टा ठेवला. वरून माचिसची डबी.

सीतेनं पायलं. "आवं, तो मामंजीचा गोटा आहे. काकाजीचा तिकडे."

"घरचेच आहेत दोघंही. चाल."

आठ दिवस मस्त गेले. खोकला कमी, सीता खुश. फक्त दारू वाढली, कारण हात रिकामे झाले ना. नवव्या दिवशी दुपारी बंडी मोडीवर आली, अन् बैल थांबले. पुढे जाईनाच. कान मांगं टाकून डावीकडे पाहून राह्यले. सीतेनं नाक वर केलं.

"तुमी बिडी ओढली?"

"नाई व. तुह्या गळ्याची शपथ."

"मंग वास कायचा येऊन राह्यला?"

हरिदास उतरला. बापाच्या गोट्यावरचा कट्टा सुटला होता. भोवताल जळलेली थोटकं पडली होती, पाच-सहा, अन् एकातून धूर निघत होता. वाट दोन्हीकडून सुनी. आमच्या गावात गोट्यावरच्या वस्तूले भुकेलाही हात लावत नाई, हे तुले माहीत आहे. अन् मंग त्याले हासणं आयकू आलं. बापाचं. झाडू पिऊन आला का खी-खी करून हासे, दरवाजातूनच, मायले समजाचं का आता काय होणार आहे. तेच हासणं. पण मधातच तुटलं, अन् खोकला निघाला. खोल, ओला, खाटेवरचा खोकला. काकाचा. हासणं बापाचं अन् खोकला काकाचा, अन् दोन्ही एकाच छातीतून!

हरिदास पयतच बंडीवर चढला. सीतेले काई सांगतलं नाई. ती म्हणे, "काय झालं?" हा म्हणे, "इंचू होता."

त्यानंतर रोज. उनात, भर बारा वाजता, मोडीवर खी-खी, मंग खोकला. आधी फक्त आवाज होता, मंग बापाचं बोलणं आलं. "बरं दिलं रे पोरा. जिवंतपणी एकच होती, आता दोन झाल्या. घोटासंगं धूर लय जमते." अन् उजवीकडे, काकाच्या गोट्यावर, काईच नाई. तिथी मोहाचं झाड, अन् झाडाखाली सामसूम. हरिदासले त्या सामसुमीचीच जास्त लाज वाटे. बिडी काकाची असून काकाले नाई दिली म्हणून तो रुसला, का त्याच्या भावाले मेल्यावर नवी लत लावली म्हणून?

मोडीवरून घरी आला का तो सिसी तोंडाले लावे, तो आवाज दाबाले. अन् दारूले धुराची चव येऊ लागली. बिडी न ओढता खोकला परत आला.

मंग एक दिवस झालं ते. सीतेनं सिसी लपवली. तांदळाच्या कोठीत. हरिदासनं कोठी उलथवली, तांदूळ आंगणात, अन् त्यानं सीतेवर हात उचलला. आजपर्यंत कधी उचलला नव्हता. अन् हात वर असताना त्याच्या तोंडातून काय निघालं माहीत आहे? खी-खी. बापाचं हासणं. दरवाजातलं. त्याले सोताले आयकू आलं. सीतेलेही आलं. तिनं झाडूले कधी पायलं नव्हतं, तरी ती समजली का हे माह्या नवऱ्याचं हासणं नाई.

हात तसाच खाली आला. हरिदास आंगणात तांदळातच बसला, अन् मोडीवरचं सगळं सांगतलं.

सीता रडली नाई. तांदूळ सुपात भरत भरत म्हणे, "उद्या बोरे नेताना सिसीही गोट्यावर ठेवा. नाई त मी बंडीतूनच सडकेवर उतरतो, अन् चामोर्शीची मोटार धरतो. मंग तुमी अन् तुमचं हासणं."

"कोणाच्या गोट्यावर ठेवू?"

"ते तुमी पाहा. मांगच्या बारी मी सांगतलं होतं."

आता समजलं तुले, फास कसा बसला?

दुसऱ्या दिवशी बारा वाजता बंडी मोडीवर. बैल थांबले. हरिदास सिसी घेऊन चाकोरीत उतरला. रीतीपरमाणे दारू बापाच्या गोट्यावर ठेवाची. पण बापाजवळ आता बिडी आहे, वरून सिसी दिली त घोट अन् धूर दोन्ही तिथी जमणार, अन् हरिदासले त रोज याच वाटेनं जाणं. डावीकडून त आवाज येतच होता. "आण रे, आण. बापाची चीज बापाले."

अन् उजवीकडे ठेवावी त काका. ज्यानं भावाचं मढं पाहून जन्मभर सिसीले बोट लावलं नाई. नऊ वर्साच्या पोराले ज्यानं आपल्या ताटात जेवू घातलं. बापाले बिडी लागली तशी त्याले दारू लागली त? मांगं एका मेलेल्याले बिघडवलं, आता दुसऱ्याले? अन् फेकून देऊन काई होत नाई, ते त वैनगंगेनं तीनदा दाखवलं.

"काका," हरिदास हळूच म्हणे, "काई बोल ना गा."

मोहाचं एक पान पडलं, बस.

सीता मांगून सरकत धुरीवर, हाकलणाऱ्याच्या जागी, आली, अन् तिनं कासरा हातात घेतला. "मी हाकलून राह्यली. रिकाम्या हातानं आले त चढा. सिसी घेऊन येसान त चढू नका."

"थांब व सीते. एक मिनिट."

"एक मिनिट तुमी लगनापासून मांगून राह्यले."

तिनं बैलाची शेपूट पिरगाळली. बैल जे इतके दिवस मोडीवर खांब होऊन उभे राहत, ते चालू लागले. चाक करकरलं. डावीकडे खी-खी, अन् त्याच्या पोटातून खोकला. उजवीकडे सामसूम. मधात हरिदास, हातात सिसी, अन् बंडी चालली, दहा पावलं, वीस पावलं, अन् सीता मांगं पाहून नाई राह्यली.

आता बोल. मघापासून लय तोंड उघडत होता ना? तू तिथी असता, त कोणत्या गोट्यावर ठेवली असती?