वादकाचा डावा कान

दुपारचा कार्यक्रम संपला आणि सासूबाई म्हणाल्या, आता आत जाऊन भेटायचं. सुनेने टाळून पाहिलं. एवढा नावाजलेला व्हायोलिनवादक, थकला असेल, गर्दी असेल. पण सासूबाईंनी पर्स काखेत मारली की त्यांना अडवणं कुणाला जमलेलं नव्हतं.

रंगमंचामागच्या खोलीत भिंतभर आरसा होता, त्यावरचे निम्मे दिवे गेलेले. वादक टॉवेलने मान पुसत बसला होता. साठी उलटलेला माणूस. पियानोवर त्याला साथ करणारी धाकटी बहीण कोपऱ्यात कागद आवरत होती. सह्या घेऊन लोक पांगले.

सुनेला वाटलं, सासूबाई कौतुकाचे दोन शब्द बोलतील.

"छानच वाजवलं असणार तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण वरच्या सुरांत गेलात की मला नुसती बोटं हलताना दिसत होती. ऐकू काही येत नव्हतं."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंनी मात्र कानातलं यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं. ते मधूनच शिट्ट्या मारतं, लेकाने हट्टाने आणलं, पण वर्षभर त्यांनी ते चष्म्याच्या डबीत दडवून ठेवलं होतं, हेही सांगून टाकलं.

वादक यंत्राकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "त्रास होतो का हो?"

त्यांनी हाताने खूण केली, मोठ्याने बोला. त्याने पुन्हा विचारलं.

"त्रास नाही. लाज वाटते. तीही आठवडाभरच."

"माझा डावा कान गेलाय," मोठ्याने बोलण्याच्या नादात, बहीण खोलीतच आहे हे विसरून तो म्हणाला. जन्मभर वाद्य त्याच कानाखाली धरलेलं. डॉक्टरांकडेसुद्धा तो गेला नव्हता. बाहेर कळलं तर बोलावणी थांबतील, आणि बहीण तर काळजीने अर्धी होईल.

कोपऱ्यातली कागदांची सळसळ थांबली.

"दादा, प्रत्येक हॉलवर मी पियानो तुझ्या उजवीकडे सरकवून घेते, तो काय शोभेला?"

त्याने टॉवेल तोंडावर धरला. खांदे हलत होते. हसतोय की रडतोय, सुनेला कळेना. बहीण जवळ येऊन उभी राहिली. आपण विषय काढला तर हा वाजवणंच सोडून देईल, या धास्तीने तीही गप्प राहिली होती. तिने हे सांगितलं तेव्हा त्याने तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

सासूबाईंनी यंत्र परत कानात घातलं आणि आपल्या डॉक्टरांचा नंबर दिला. बहिणीने तिथल्या तिथे फोन करून वेळ घेतली, आणि त्याने नाही म्हटलं नाही.

बसमध्ये सासूबाईंनी खिडकीशेजारची जागा पकडली. मग म्हणाल्या, "त्या वरच्या सुरांत काय होतं गं?"

सून त्यांच्या कानाशी वाकली आणि जमेल तसं सांगू लागली.