विमलाबाईंनी घातलेलं गाऱ्हाणं

शौनकने मेव्हण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्या आल्या मोबाइल गप्प केला, बाथरूममध्ये जाऊन हातपाय धुतले, कलशाला नमस्कार केला, भटजींच्या पायांना हात लावला, सत्यनारायणाच्या चौरंगासमोर डोळे मिटून चांगला वेळ उभा राहिला. सगळं कसं आठवणीने केलं. फक्त तीन महिन्यांनी समोर दिसलेल्या बायकोला ‘कशी आहेस’ म्हणून विचारायचं तेवढं राहून गेलं.

“बघितलंस?” विमलाबाई संचिताच्या, म्हणजे सुनेच्या, कानाशी लागल्या. “देवाला सोळा उपचार, आणि बायकोला एक शब्द नाही.”

“आई, हळू. ऐकतील ते.”

“ऐकू दे. बाकी सगळं धुतलंय, कान धुतलेत का तेवढं बघ.”

संचिताने हसू दाबत केळीचं पान पुसायला घेतलं. विमलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे प्रीती उभी होती, त्यांची लेक, चौकटीला टेकून. बाहेर हॉलमध्ये धूप, फुलं, घंटा, आणि ही आत. तीन महिने हे असंच चाललं होतं. डोंबिवलीच्या घरातही ती देवघरासमोरून जायची ती भिंतीकडे तोंड करून, परक्याच्या दारावरून जावं तशी.

गोष्ट साधी होती आणि वाईट होती. प्रीतीला सातवा महिना लागत होता. शौनकच्या माजिवड्याच्या घरी संकष्टी कडक. चंद्र बघितल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. पावसाळ्याचे दिवस, आभाळ भरलेलं, चंद्र कसला दिसतोय! पोरीला घेरी आली. तिने आमटीभाताचे चार घास खाल्ले, ओट्यापाशी उभ्या उभ्या, चोरासारखे. पुढे काही आठवड्यांनी पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं, नाळेला गाठ बसली होती, हजारात एखादीला होतं, कोणाचा दोष नाही. पण दवाखान्यातून घरी येताना रिक्षात शौनक बायकोला म्हणाला, “तुला तेवढा एक दिवस धीर धरवला नाही. बाप्पाने हिशेब केला.”

त्या रिक्षातून प्रीती माजिवड्याला उतरली आणि चौथ्या दिवशी डोंबिवलीला माहेरी आली. भांडून आली असती तर विमलाबाईंना बरं वाटलं असतं. भांडण त्यांना कळत होतं. पण ही पोर भांडलीच नव्हती. तिला ते पटलं होतं.

काल रात्री भाजी निवडताना ती म्हणाली होती, “आई, शौनकचा फोन आलेला. उद्या पूजेला येतोय. पूजा झाली की आपण दोघं टिटवाळ्याच्या देवळात जाऊ म्हणतो. मी बाप्पासमोर चूक कबूल करायची, पुन्हा एकवीस संकष्ट्या बोलायच्या, मग घरी.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हटलं. माझंच चुकलेलं ना.”

विमलाबाईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. मितेशला, मुलाला, सांगितलं तर तो म्हणाला, “आई, जाऊ दे ना. नाक घासून प्रश्न सुटतोय तर सुटू दे. तू उद्या काही बोलू नकोस, प्लीज. माझ्या घराची पूजा आहे.”

“मी कशाला बोलू? मी काय शिकलेली आहे? तिसरीतून काढली बापाने, गुरं राखायला.” असं म्हणून त्या झोपायला गेल्या होत्या. पण मितेशने चाळीस वर्षांत एक गोष्ट शिकायला हवी होती. आई ‘मी कशाला बोलू’ म्हणाली की समजावं, आता ती बोलणार.

पूजा आटोपली. आरती झाली. आरतीला शौनकचा आवाज सगळ्यांच्या वर. गळा गोड होता त्याचा, खोटं कशाला बोला. आता राहिलं गाऱ्हाणं.

त्यांच्या कोकणातल्या घराण्याची ही रीत. भटजींचं संस्कृत भटजींनी करावं, पण शेवटी घरातल्या कर्त्या पुरुषाने मानाचा नारळ हातात घेऊन आपल्या बोलीत, आपल्या तोंडाने देवाशी बोलायचं. काय झालं, काय हवंय, कोणाचं काय चुकलं, सगळं मोठ्याने. प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं की हे एकट्याचं मागणं नाही. इतकी वर्षं हा मान धाकूंचा होता, विमलाबाईंच्या नवऱ्याचा. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आता ते खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर पडलेला, जीभ लटपटणारी. बोलायला गेले की शब्दांचा चिखल व्हायचा.

“भटजी,” मितेश म्हणाला, “तुम्हीच चार ओळी म्हणा ना मराठीत. बाबांना त्रास नको.”

“अहो, ते मला नाही जमायचं,” भटजी स्पष्ट बोलले. “मंत्र कोणाचेही म्हणेन. गाऱ्हाणं घरच्याच माणसाने घालायचं असतं. तुम्ही घाला.”

मितेशने जमलेल्या लोकांकडे बघितलं. ऑफिसचे दोघे-तिघे, शेजारचे, भावकीतले. त्याचे कान लाल झाले. “मला ते येत नाही हो. गुगलवर असेल बघा.”

“दी हय तो नारळ,” विमलाबाई पुढे आल्या.

कल्याणहून आलेले मारुतीदादा, धाकूंचे चुलतभाऊ, चटकन म्हणाले, “वयनी, बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता.”

“खयच्या देवान सांगल्यान? तेचो नंबर दी माका, मी बोलतंय.”

लोक हसले. मारुतीदादा हसले नाहीत. “रीत आसा ती.”

“रीत कर्त्या माणसाची आहे. गेलं वर्षभर ह्या घरात करतंय कोण, तेवढं सांगा. नाहीतर खुर्चीतल्या माणसाला विचारा.”

सगळ्यांनी धाकूंकडे बघितलं. धाकूंनी डावा हात लांब केला, चौरंगाजवळचा नारळ ओढून घेतला आणि बायकोसमोर धरला. एकच हात, पण नारळ पडला नाही. मारुतीदादांनी टोपी नीट केली. संपला विषय.

विमलाबाईंनी पदर खोचला. एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. प्रीती तिथेच होती. मग त्यांनी नारळ छातीशी धरला.

“बा देवा रवळनाथा, कुळाच्या राखणदारा म्हाराजा! लेकरां गाव सोडून हय येवन ऱ्हवली, पण तुका इसारली नाय. आज मितेशान नवी जागा घेतल्यान, तुझ्या मानाचो नारळ तुझ्यापुढे धरलो हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” हॉल दुमदुमला. शौनकही जोरात. त्याचे आजोबा रत्नागिरीचे, आणि लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकून तो इतका खूश झाला होता की तेव्हापासून ‘व्हय’ म्हणण्यात पहिला आवाज त्याचाच.

“घरचो धनी बोलाक शकणा नाय, म्हणान मी अडाणी बाय उबी रवलंय. काय चुकला-माकला तर पदरात घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या घरात येणाऱ्या-जाणाऱ्याक पोटभर जेवण गावांदे. लिफ्ट मदीच बंद पडा नये, पाण्याचो टँकर येळेर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ऑफिसवाले खुदखुदले. मितेशच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. त्याला वाटलं, झालं, एवढंच.

विमलाबाईंचा आवाज आता तापला होता. गाऱ्हाण्याला एक चाल असते. ‘रे म्हाराजा’ खाली पडतं आणि समोरच्याचं तोंड आपोआप उघडतं, पाट दिसला की पाणी धावतं तसं.

“पोटूशी बाय उपाशी रवली, तिका घेरी इली, पोटातल्या जीवासाठी तिणा चार घास खाल्ल्यान, तर तो गुन्हो न्हय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यात वर आवाज शौनकचा. खणखणीत, आरतीसारखा. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मग त्याला कळलं आपण कशाला ‘व्हय’ म्हणालो. त्याचं तोंड तसंच अर्धं उघडं राहिलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी प्रीतीने मान वर केली. तिने तो आवाज ओळखला होता. कसा ओळखणार नाही?

“प्रीतीचा पोर गेला, ता कोणाच्या जेवणान गेला नाय, मोडलेल्या उपासान गेला नाय. गरवार बायचो घास मोजणारो देव तू न्हय रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” या वेळी शौनक गप्प. पण धाकू बोलले. “व... व्हय,” एवढंच, ओठांच्या कडेतून, सगळ्यांच्या नंतर. आणि मारुतीदादा तर मूठ वळून बोलले.

“जो कोण तुझ्या नावान तिका दोष देता, आपला बोलणा तुझ्या तोंडात घालता, तेची बुद्धी सरळ वाटेर हाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

या शेवटच्या होकारात एका बाईचा आवाज मिसळला. बारीक, चिरका, बरेच दिवस न वापरलेला. विमलाबाईंनी मागे वळून बघितलं नाही. नारळ वाढवला. एका फटक्यात दोन भकलं. पाणी पायावर सांडलं, ते त्यांनी सांडू दिलं.

लोक प्रसादाकडे वळले. कोणी टाइल्सचं कौतुक करू लागलं, उगाच, मोठ्याने. शौनक सासूजवळ आला. चेहरा उतरलेला, आवाज दाबलेला.

“आई, हे बरोबर नाही केलंत. तुम्ही मला फसवून बोलायला लावलंत. देवासमोर.”

“मी एक तरी शब्द खोटा बोलले का?”

“तसं नाही, पण...”

“मग फसवलं कसं? खरं तोंडातून निसटलं तुमच्या. होतं कधी कधी.”

प्रीती बाहेर आली. चौरंगासमोर आली, वाकली नाही, पण उभी राहिली. वाटीतला प्रसाद उचलला आणि तोंडात टाकला. मग नवऱ्याकडे बघून म्हणाली, “शौनक, मी आज देवळात येत नाही. कधीतरी येईन, दर्शनाला येईन. माफी मागायला नाही येणार.”

“प्रीती, पण आपलं ठरलेलं...”

“तूच आता म्हणालास ना, गुन्हा नाही म्हणून? मी ऐकलं.”

शौनक एकदम सासूकडे वळला, सगळ्यांसमोर. “मग सांगा तुम्ही. आई, तुम्हीच सांगा. मी एक संकष्टी चुकवली नाही. अनवाणी गेलो. जप केला. बाळासाठी जेवढं करायचं तेवढं केलं. मग बाप्पाने ऐकलं का नाही? कोणीतरी चुकलं असेल ना? नाहीतर असं कसं झालं?”

तेव्हा विमलाबाईंना पहिल्यांदा दिसलं की हाही बाळ गमावलेला बाप आहे. तीन महिने ते त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मनातल्या मनात त्यांनी स्वतःच्या कानाला खडा लावला. पण म्हणून निकाल बदलायच्या त्या नव्हत्या. पोटात माया आली म्हणून न्याय पातळ करणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी खोबऱ्याचं एक भकल त्याच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या.

“शौनकराव, प्रीती दवाखान्यात होती तेव्हा मी घरचे सगळे देव पाण्यात ठेवले होते. म्हटलं, माझं नातवंड सुखरूप येईपर्यंत बाहेर काढणार नाही. नातवंड गेलं. मी देव काढले, पुसले, जागेवर ठेवले, आणि आठ दिवस त्यांना अशा शिव्या घातल्या की गावातल्या म्हाताऱ्यांनी कान झाकले असते. ‘माझं का ऐकलं नाहीस’ म्हणून त्यालाच विचारलं. उत्तर दिलं नाही त्याने. पण ऐकून घेतलं, आणि मी रोज दिवा लावायची थांबले नाही. प्रार्थना म्हणजे मला एवढीच कळते. तुम्हाला राग आला होता ना? रडू येत होतं ना? तर जायचं होतं देवळात आणि त्याच्याशी भांडायचं होतं. तो देव आहे, त्याला झेपतं. तुम्ही देवाला घाबरलात आणि राग बायकोवर काढलात. वर त्याची सही मारलीत. गाऱ्हाणं देवाकडे घालायचं असतं हो, देवाच्या नावाने बायकोवर नाही. आता पानं मांडलीत, जावयाच्या मानाने बसा आणि पोटभर जेवा. नंतर देवळात एकटे जा, हवं तेवढं रडा, हवं तेवढं भांडा. पण माझी लेक आज तुमच्याबरोबर येणार नाही. ती येईल तिच्या मनाने, आणि तुम्ही रिक्षात बोललात ते तिच्या तोंडावर, माझ्यासमोर, मागे घ्याल त्या दिवशी. गुपचूप नाही. आत्ता ‘व्हय’ म्हणालात ना, तेवढ्याच मोठ्या आवाजात!”