देवाशिवाय दर्या

ठमाबाईला दर्या बघायचा होता. एवढंच. नवस नव्हता, उपास नव्हता, कुणाच्या अस्थी शिरवायच्या नव्हत्या. कोलशेतच्या मिठागरात तिची उमर गेली. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढायचं, टोपल्या वाहायच्या. हे पाणी दर्यातून येतं, असं नवरा सांगायचा. नवरा मेला आणि दर्या बघायचा राहिला तो राहिलाच. यंदा कार्तिकात भात कापून झालं, मिठागराचं काम लागायला अवकाश होता. बाईनं ठरवलं, आता जायचं.

धाकट्या दिराला, राघोला, सांगितलं तर त्यानं पहिला सवाल केला, कुठल्या देवाला? कुठल्याच नाही म्हटल्यावर तो हसला. वयनी थट्टा करत नाही हे कळल्यावर हसायचा थांबला, आणि विधवा बाईनं उगीच गावं हिंडणं बरं दिसत नाही, असं ऐकवून मोकळा झाला. हा राघो स्वतः ठाण्याला तमाशा बघायला जायचा. कोर्टात पैसे घेऊन खोटी साक्ष द्यायलाही गेला होता. तेव्हा कुठला देव, असं त्याला कुणी विचारलं नाही. पुरुषाला पाय असले की पुरे. बाईला मात्र उंबरा ओलांडायला देवाची चिठ्ठी लागते.

ती चिठ्ठी तुळसानं आणली. तुळसा राघोची बायको, ठमाबाईची धाकटी जाऊ. तिनं चुलीपुढूनच सांगितलं, की वयनीच्या मनात निर्मळची जत्रा आहे, लाजते म्हणून दर्या म्हणते. आणि सोबतीला मीच जाईन म्हणते. निर्मळ वसईपलीकडे, दर्याच्या अंगाला. राघोचा चेहरा उजळला. बायको आणि वयनी पायी जत्रेला चालल्या, हे त्यानं आळीभर सांगितलं. ठमाबाई तोंड उघडणार होती, तुळसानं चिमटा काढला.

पहाटे दोघी निघाल्या. तांदळाच्या भाकऱ्या, मिरची, कांदा आणि फडक्यात बांधलेला सुका जवळा, बारीक सुकी मासळी. गावातलं कुणी कुठं निघालं की जवळा बरोबर असायचाच. एसटी सुरू झाली होती, पण ती पैसेवाल्यांना. यांना तिची धूळ फुकट मिळाली. घोडबंदरच्या रस्त्याला एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला खाडी. बांबू भरलेल्या एका गाडीवाल्यानं थोडं अंतर बसवून नेलं. गायमुखाशी झऱ्याचं पाणी प्यायल्या. तुळसा आधी सवयीनं दोन पावलं मागून चालत होती, जणू पुढं राघोच आहे. पुढं कुणी नाही हे ध्यानात आलं तशी ती बरोबरीनं चालायला लागली, मग पुढं, आणि मग गाणंच म्हणायला लागली. बेसूर गात होती. ऐकायला वानरं होती, त्यांची तक्रार नव्हती.

घोडबंदरला होड्यांच्या तरीजवळ कुणा शेठची धर्मशाळा होती. फुकट निवारा, धर्मार्थ. दिवाणजीनं पाहिलं आणि विचारलं, बरोबर पुरुष कोण? कुणी नाही म्हटल्यावर त्याच्या कपाळाला आठ्या. तुळसानं झटकन निर्मळचं नाव घेतलं. आठ्या गेल्या, चटई आली, माउली म्हणून हाक आली. दोघी ओसरीवर बसल्या आणि भुकेल्या ठमाबाईनं गाठोडं सोडलं.

जवळ्याचा वास ओसरीभर झाला. तोंडावर एकादशी, सगळे जत्रेकरू माळा घातलेले. एकानं नाकाला उपरणं लावलं. दिवाणजी धावत आला आणि चटई ओढू लागला, की असल्या बायांना इथं जागा नाही, देवाला विटाळ होतो.

ठमाबाई शांतपणे उठली. "वास देवाला येतो का तुमाला?" तिनं विचारलं.

त्यानं चटई गुंडाळून काखेत मारली. धर्मार्थ जागा बाहेर काढायला मात्र तत्पर असते.

तरीवर वसईची सगुणा कोळीण रिकाम्या पाट्या होडीत टाकत होती. तिला वास आला आणि तिनं हात पुढं केला. चिमूटभर तोंडात टाकून म्हणाली, वाळवताना रेती गेलीय, पण चालेल. उतरायला जागा नाही कळल्यावर तिनं दोघींना होडीत बसवलं. पुरुष कोण, देव कुठला, काही विचारलं नाही. वसईला तिच्या ओटीवर झोप मात्र छान लागली.

सकाळी दर्या. ठमाबाई कितीतरी वेळ उभी राहिली. मग वाकली, ओंजळीत पाणी घेऊन चाखलं. आपलंच पाणी. मिठागरवालीची नजर बांध शोधत होती. एवढ्या पाण्याला कुणी बांध घातला नव्हता, कुणाची हद्द नव्हती. तिनं लुगडं वर खोचलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेली. निर्मळला जाऊन निदान जत्रेतली सुकेळी, वाळवलेली केळी, तरी घेऊ, प्रसाद म्हणून दाखवता येतील, असं म्हणणारी तुळसा तिच्याही पुढं गेली, आणि दिवसभर बाहेर आलीच नाही. सुकेळी राहिली, देव राहिला. दुसऱ्या दिवशी दोघी परत निघाल्या.

गावात पोचल्या तर अंगणात पाट मांडलेले. जत्रेहून आलेल्याचे पाय धुवायची रीत. परात, ऊन पाणी, आळीतल्या बायका. राघो मधोमध, जणू तोच चालून आला. सगळ्यांत वडीलधारी कमळाबाई, सत्तरीची, खाली बसली आणि ठमाबाईच्या पायांवर डोकं टेकायला वाकली.

ठमाबाई गप्प राहिली असती तर सगळं निभावलं असतं. पुढच्या वर्षीची वाटही मोकळी राहिली असती. तुळसा डोळ्यांनी विनवत होती. पण म्हातारीचं पांढरं डोकं खाली येत होतं, आणि ठमाबाईनं पाय ओढून घेतले.

"कमळाबाय, नको. मी देवाला नाय गेले. दर्या बघाला गेलेले. मना बघाचा होता."

राघो लाल झाला. मग बायकोकडे वळून तो ओरडणार होता, तेवढ्यात तुळसा म्हणाली, "मी पन. आनी परत जानार हाय."

कमळाबाईनं मान वर केली. सत्तर वर्षं ती याच खाडीकाठी राहिलेली.

"पाय तं चाललं ना?" ती म्हणाली. "मंग ठेव परातीत." आणि पाणी ओतता ओतता, राघोकडे न बघता, तिनं विचारलं, "म्हातारीला झेपंल का गो तवरी वाट?"