दीपकची शांत खोली

संक्रांतीच्या दुपारी नाशिकरोडच्या दिव्यांग तरुणांच्या केंद्रात, गच्चीवर नुसती धमाल चालली होती. पतंग कापला की ‘गई बोला रे!’ म्हणून सगळे नाचत होते, आणि त्या गर्दीत हातात मांज्याची चक्री धरून दीपक हसत होता! केंद्र चालवणाऱ्या अंजलीताईंना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं होतं. दीपक पंचविशीचा, बोलत नसे. गेल्या संक्रांतीला गोंगाटाने बिथरला तेव्हा चौघांनी त्याला दाबून धरलं, आणि तेव्हापासून गच्ची म्हणजे त्याला नको रे बाबा! ‘आता कुणी त्याच्या अंगाला हात लावणार नाही,’ असा शब्द त्याच्या आईला, रंगूबाईंना देऊन ताईंनी वर्षभर खपून आज त्याला वर आणला होता. तो शब्द मोडला असता तर पोरगं कायमचं घरात बसलं असतं.

केंद्राची रीत ठरलेली होती. कुणी बिथरलं की एकाने त्याला खालच्या शांत खोलीत न्यायचं, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. पंखा बंद, बोलणं बंद. समोर जमिनीवर बसायचं, नजर जराशी बाजूला, तळहात उघडा. आणि तो आपणहून हात ठेवेपर्यंत, लागेल तेवढा वेळ लागो, हलायचं नाही.

शेजारच्या गच्चीवर एकदम कर्णा कडाडला आणि कुणीतरी किंचाळलं. दीपकने चक्री खाली ठेवली आणि मागे बघत बघत तो जिना उतरू लागला, तशा त्याही लगबगीने त्याच्यामागे शांत खोलीत आल्या.

पण पठ्ठ्या तर मजेत मांडी घालून बसला! चेहऱ्यावर तेच गच्चीवरचं हसू. ताईंना इतकं भरून आलं म्हणता! किंचाळणं मात्र थांबेना. उलट खाली आल्यापासून ते अधिकच जवळून ऐकू येत होतं.

“कोण गं ते? त्याच्यापाशी कुणी बसलंय का?” त्यांनी दारातल्या सहकारी नाझियाला विचारलं. खोलीत बोलायचं नसतं, हे आठवून ताई मनातच वरमल्या. नाझियाने पंखा बंद केला, जिन्यावर जमलेल्यांना मागे सारलं आणि अलगद दार लोटून घेतलं.

दीपकने नजर जराशी बाजूला वळवली आणि तळहात उघडून पुढे केला.

नक्कल करतोय लबाड, असं वाटून ताईंना हसूच आलं. वर्षभराच्या कष्टाचं चीज झालं होतं! त्या बिचाऱ्या ओरडणाऱ्याकडे धावायला हवं, हेही मनात होतं. पण दीपकला अर्ध्यावर टाकून कसं उठणार? तो वाट बघत राहिला, अगदी निवांत. शेवटी त्याचं मन राखायला म्हणून त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

किंचाळणं तिथल्या तिथे थांबलं. दीपक खुशीत डोलू लागला.

दाराबाहेर नाझिया कुणाला तरी दबक्या आवाजात सांगत होती, “अंजलीताई आत्ता कुठे शांत झाल्यात. आत कुणी जाऊ नका. दीपक बसलाय ना त्यांच्यापाशी.”